मेगा ड्राइव्ह पुन्हा जोडताना: एका वेळी एकच कार्ट्रिज

शेकडो गेम भरलेलं कार्ड हातात आलं की पहिली संध्याकाळ कशी जाते ते मी अनेकदा पाहिलं आहे. यादी उघडायची, ऐकलेलं नाव दिसलं की सुरू करायचं, पहिल्याच लेव्हलमध्ये दोन-तीनदा मरायचं, बाहेर पडायचं, पुढचं नाव. तासाभरात वीस गेम बघून होतात आणि खेळून एकही होत नाही. मग मत बनतं की जुन्या गेममध्ये आता काही राम राहिलेला नाही.

हे गेम ज्यांच्यासाठी बनले, त्यांच्या हातात एका वेळी एकच कार्ट्रिज (गेम असलेली, कन्सोलच्या खाचेत बसवायची डबी) असे आणि ते महिनोन्महिने पुरवायचं असे. पहिल्या दहा मिनिटांत मन जिंकायची घाई त्या गेमना नव्हती. तिसऱ्या संध्याकाळी हाताला वळण लागतं आणि तिथून खरा गेम सुरू होतो. म्हणून मशीन जोडण्यापासून सुरुवात करत असलो, तरी माझा सगळा रोख एका सवयीवर आहे: एक गेम निवडा आणि निदान आठवडाभर दुसऱ्याला हात लावू नका.

मी इथे सेगाच्या मेगा ड्राइव्हबद्दल लिहितो आहे. हा १६ बिटचा कन्सोल २९ ऑक्टोबर १९८८ ला जपानमध्ये आला, १९८९ मध्ये अमेरिकेत 'जेनेसिस' या नावाने आणि १९९० मध्ये युरोपात. आत मोटोरोला ६८००० हा प्रोसेसर, मदतीला झायलॉगचा झेड८०, आणि आवाजासाठी यामाहाची सहा चॅनेलची एफएम चिप. पडद्यावर एका वेळी साधारण ६४ रंग, तेही एकूण ५१२ मधून निवडलेले. रंगांची ही टंचाई लक्षात ठेवा, टीव्ही लावताना तिचा संबंध येणार आहे.

कशावर खेळायचं

मार्ग तीन. मूळ कन्सोल आणि मूळ कार्ट्रिज. सेगाने २०१९ मध्ये काढलेला ४२ गेमचा मेगा ड्राइव्ह मिनी किंवा आजच्या कन्सोलवरचे अधिकृत संग्रह. आणि कॉम्प्युटरवरचा एमुलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम. तुम्ही अगदी नवखे असाल आणि घरात जुना कन्सोल पडून नसेल, तर मिनी किंवा अधिकृत संग्रहापासून सुरू करा. त्यात काही उणं नाही. आवड जडली की मूळ यंत्राकडे वळता येतं. घरात जुना मेगा ड्राइव्ह असेल तर मात्र तोच बाहेर काढा आणि पुढचे दोन भाग नीट वाचा. मिनीवाल्यांनी थेट टीव्हीच्या भागावर जायला हरकत नाही.

अडॅप्टर आधी तपासा

जुनं मशीन मिळालं की पहिला मोह असतो तो पिन बसेल तो अडॅप्टर लावून बघायचा. तो आवरा. मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलला (मोठं, पुढे हेडफोनचं भोक असलेलं) ९ ते १० व्होल्ट डीसी लागतो आणि पिनचा मधला भाग निगेटिव्ह असतो. दुसऱ्या, छोट्या मॉडेलची पिन बारीक आणि तिचा मधला भाग पॉझिटिव्ह. म्हणजे एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन यंत्रांचे अडॅप्टर एकमेकांना चालत नाहीत. निन्टेंडोच्या एनईएस या कन्सोलचा अमेरिकन अडॅप्टर तर सरळ एसी देतो, आणि त्याची पिन पहिल्या मॉडेलमध्ये सहज शिरते. अडॅप्टरच्या लेबलवर व्होल्ट, डीसी आणि गोलाची खूण असलेलं पोलॅरिटीचं चित्र, या तीन गोष्टी जुळल्या तरच बटण दाबा.

काळा पडदा आणि कापसाची काडी

कार्ट्रिज घातलं, दिवा लागला, पडदा काळाच. नव्वद टक्के लोक इथे कार्ट्रिज काढून त्यात फुंकर मारतात. मीही कित्येक वर्षं मारत होतो. फुंकरीने गेम चालू झाला असं वाटतं, पण काम होतं ते कार्ट्रिज काढून पुन्हा बसवल्याने; संपर्क बिंदूंवर पडलेली थुंकीची वाफ मात्र तांब्याला हळूहळू गंज चढवते.

त्याऐवजी ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या घ्या. काडी ओली करा, पण टपटपू देऊ नका. कार्ट्रिजच्या खालच्या फटीतून सोनेरी पट्ट्यांवर वरून खाली अशी फिरवा, आडवी घासू नका. एका जुन्या कार्ट्रिजला मी बसलो तेव्हा पहिली काडी कोळशासारखी काळी निघाली, दुसरी तपकिरी, चौथी फिकट राखाडी, आणि सहावी जशी आत गेली तशी पांढरी बाहेर आली. पाच मिनिटं वाळू दिलं आणि पहिल्याच प्रयत्नात सेगाची निळी अक्षरं उमटली. मी ते कार्ट्रिज मेलेलं समजून बाजूला टाकलं होतं.

एक खूण सांगून ठेवतो. नंतरच्या मेगा ड्राइव्हमध्ये गेम सुरू होण्याआधी सेगाच्या परवान्याची एक ओळ क्षणभर दिसते. कार्ट्रिजमध्ये ठरलेल्या जागी 'सेगा' ही अक्षरं वाचता आली तरच यंत्र ती ओळ दाखवतं. त्यामुळे ओळ दिसून मग पडदा काळा झाला, तर यंत्र आणि कार्ट्रिज बोलताहेत, काही पट्ट्या अजून मळलेल्या आहेत. पुन्हा काडी घ्या. ओळच दिसत नसेल तर कन्सोलच्या खाचेतही मळ असू शकतो, दुसरं कार्ट्रिज घालून पाहा. (अगदी सुरुवातीच्या मॉडेलमध्ये ही ओळ मुळातच नसते.)

टीव्ही: इथे सर्वात जास्त वेळ द्या

जुने गेम हाताला जड लागतात याचं कारण पुष्कळदा गेममध्ये नसतं, टीव्हीत असतं. आजचे टीव्ही चित्र सजवायला वेळ घेतात. बटण दाबलं आणि उडी किंचित उशिरा पडली की खड्ड्यात गेलातच. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' शोधा आणि तो सुरू करा. मग चित्राचं प्रमाण ४:३ करा. रुंद पडद्यावर ताणलेला सॉनिक (सेगाच्या सर्वात गाजलेल्या गेमचा नायक) अंडाकृती होतो, आणि त्याने उडीचं अंतर जोखणंही चुकतं.

मूळ यंत्र जोडत असाल तर स्वस्त एव्ही ते एचडीएमआय कन्व्हर्टरपासून सावध राहा. मेगा ड्राइव्ह साधारणपणे दर वेळी पूर्ण चित्र पाठवतो. असे बरेच कन्व्हर्टर त्याला अर्ध्या-अर्ध्या ओळींचं चित्र समजतात आणि दोन चित्रं एकत्र शिवतात. तपासायची सोपी रीत: सॉनिकला मुद्दाम काट्यांवर घाला. मार बसल्यावर तो काही क्षण लुकलुकतो. लुकलुकण्याऐवजी तो कंगव्याच्या दातांसारखा चिरलेला दिसला किंवा पूर्ण गायबच झाला, तर कन्व्हर्टर बदला. या जुन्या चित्रासाठीच बनवलेले कन्व्हर्टर मिळतात.

घरात जुना काचेच्या नळीचा टीव्ही अजून चालू असेल तर तुम्ही नशीबवान आहात. त्यावर सॉनिकचा पहिला झोन, ग्रीन हिल, सुरू करा आणि एखाद्या धबधब्याजवळ थांबा. साध्या पिवळ्या एव्ही केबलवर ते पाणी पारदर्शक दिसतं, मागचा डोंगर त्यातून डोकावतो. आता तोच धबधबा एमुलेटरच्या स्वच्छ चित्रात पाहा: एक उभी रेघ पाण्याची, एक रेघ मोकळी, पुन्हा पाण्याची. यंत्राला अशी पारदर्शकता सहज जमत नव्हती आणि रंगही मोजके होते, म्हणून चित्रकारांनी रेघा आखल्या आणि केबलमधल्या धूसरपणाकडून त्या मिसळून घेतल्या. त्या काळच्या कारागिरीचा याहून सुंदर नमुना मला माहीत नाही. एमुलेटरवर किंवा मिनीवर खेळताना सीआरटीसारखं, म्हणजे काचेच्या नळीच्या टीव्हीसारखं, चित्र करणारा फिल्टर एकदा लावून बघा तो यासाठीच.

दोन छोट्या बाबी. पहिल्या मॉडेलच्या मागून फक्त मोनो आवाज येतो, स्टीरिओ हवा असेल तर पुढच्या हेडफोनच्या भोकातून घ्या. आणि गेमची युरोपीय आवृत्ती ५० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ५० चित्रांवर, चालते. मूळ ६० हर्ट्झचे बरेच गेम त्यावर सुमारे १७ टक्के हळू होतात, संगीतही सुस्तावतं. निवडायची सोय असेल तर जपानी किंवा अमेरिकन आवृत्ती घ्या.

कंट्रोलरचं एवढंच की तीन बटणांचा पुरतो. सहा बटणांचा असेल आणि एखादा जुना गेम विचित्र वागला, तर मोड हे बटण दाबून धरून कन्सोल चालू करा. कंट्रोलर तीन बटणांचा असल्यासारखा वागू लागतो.

आता खेळायला बसू: पहिले दोन नावाजलेले

सॉनिक द हेजहॉग (१९९१) सगळ्यांना ठाऊक असतो आणि बहुतेक जण तो चुकीचा खेळतात. उजवीकडचं बटण दाबून धरायचं आणि पळत सुटायचं, मग काटे, मग रिंगा उधळल्या, मग चिडचिड. हा गेम वेगाचा आहे त्याहून जास्त उताराचा आहे. पळताना खालचं बटण दाबलं की सॉनिक गुंडाळतो. उतारावर असा गोळा झाला की वेग आपोआप वाढतो, चढावर तो झपाट्याने मरतो. जागच्या जागी फिरून सुसाट सुटण्याची सोय दुसऱ्या भागात आली, पहिल्यात ती नाही, म्हणून उतार ओळखणं हीच इथली विद्या. पहिली संध्याकाळ फक्त ग्रीन हिलचे तीन टप्पे खेळा. वरचा रस्ता आणि खालचा रस्ता दोन्ही शोधा. वरून पडलात तरी गेम संपत नाही, तुम्ही नुसते खालच्या, जरा संथ आणि काटेरी वाटेवर येता. हातात एक रिंग असली तरी एक मार सोसता येतो, तेव्हा उधळलेल्या सगळ्या रिंगांमागे धावू नका, एक उचला आणि पुढे व्हा. पहिल्या दोन टप्प्यांच्या शेवटी ५० रिंगा हातात असतील तर मोठी रिंग दिसते. तिच्यात उडी मारली की पाचूंच्या खास टप्प्यात जाता.

दुसरा, स्ट्रीट्स ऑफ रेज २ (१९९२). रस्त्यावरून चालत जायचं आणि गुंडांना लोळवायचं, वरवर एवढंच. नवख्याची चूक इथे ठरलेली: गुंडाच्या समोर उभं राहून एकच बटण बडवत राहणं. त्याऐवजी अजून चालत त्याच्या अंगाला भिडा, म्हणजे पकड बसते. पकडीत उडीचं बटण दाबा, तुम्ही त्याच्या डोक्यावरून पाठीमागे उतरता. आता मारायचं बटण दाबा आणि त्याला मागच्या मागे आपटा. एकदा हे जमलं की गर्दीत कोणाला आधी धरायचं, कोणाला कोणावर फेकायचं, हा हिशेब सुरू होतो आणि गेमचा नूर पालटतो. ए बटणाचा खास हल्ला तुमचीच ताकद खातो, म्हणून तो अगदी घेरले गेलात तरच. ऑप्शनमध्ये जीव वाढवता येतात; पहिल्या खेपेला खुशाल वाढवा. पहिल्याच टप्प्यात बारमधून बाहेर पडून मागच्या पावसाळी गल्लीत मालकाशी गाठ पडते, तिथे क्षणभर आवाज मोठा करा. युझो कोशिरोंनी हे संगीत एनईसीच्या पीसी-८८०१ या घरगुती कॉम्प्युटरवर रचलं, साथीला मोतोहिरो कावाशिमा. एफएम चिपचा तो धातूसारखा खणखणीत खर्ज दुसऱ्या कोणत्या यंत्रातून असा ऐकायला मिळाला नाही.

मागे पडलेले

हे दोन गेम झाले की हात तयार झालेला असतो. आता त्यांच्याकडे वळा ज्यांच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

रिस्टार (१९९५) आधी घ्या. सॉनिकच्याच चमूचा हा गेम, पण तो पोचेपर्यंत सेगाचा पुढचा कन्सोल सॅटर्न जपानमध्ये विक्रीला आला होता आणि लोकांची नजर तिकडे लागली होती. हा तारा पळत नाही, चालतो. त्याचे हात आठही दिशांना लांबतात. शत्रूला धरायचं, स्वतःला त्याच्याकडे खेचायचं आणि डोकं आपटायचं. सॉनिकनंतर लगेच खेळाल तर पहिली संध्याकाळ तो मंद वाटेल. थांबा. चौथ्या, संगीताच्या ग्रहावर पोचा. तिथे झोपलेले पक्षी वाट अडवून बसलेले असतात. मेट्रोनोम (ताल देणारं यंत्र) हातात धरून, काटे आणि शत्रू चुकवत, तो प्रत्येकापर्यंत नेऊन द्यायचा. पक्षी जागा होतो, गाऊ लागतो आणि वाट मोकळी होते. उचलणं, फेकणं, पुन्हा धरणं, इथवर शिकलेलं सगळं या एका कामात येतं, आणि गाणं ही त्याची बक्षिसी असते.

रॉकेट नाइट ॲडव्हेंचर्स (१९९३) कोनामीचा. पाठीवर रॉकेट बांधलेला, चिलखतातला ओपॉसम नावाचा छोटा प्राणी. हल्ल्याचं बटण दाबून धरा, रॉकेट तापलं की दिशा देऊन सोडा. तो बाणासारखा सुटतो आणि भिंतीवर आदळून परततो. पहिले दोन दिवस तो हव्या त्या ठिकाणी जाणार नाही. सरावासाठी पहिल्याच टप्प्यात एका भिंतीजवळ उभं राहून आठही दिशांना दहा-दहा वेळा सुटा. मजा वाटणार नाही, पण फळ लगेच मिळतं. पुढे लाव्हाची एक जागा आहे जिथे नायक पुढच्या कड्याआड झाकला जातो आणि त्याची वाट फक्त खालच्या लाव्हातल्या प्रतिबिंबात दिसते. मी तिथे आधी तीन जीव घालवले, मग नजर वर न नेता खालीच ठेवली.

गनस्टार हीरोज (१९९३) हा ट्रेझर या कंपनीचा पहिला गेम. कोनामी सोडून बाहेर पडलेल्यांनी ती काढली होती. सुरुवातीलाच विचारतो: चालता चालता गोळीबार की उभं राहून? नवख्याने चालता चालता घ्यावं. दोन शस्त्रं एकत्र करता येतात. शत्रूचा पाठलाग करणारं आणि वीज ही जोडी घेतलीत तर नेम धरायची चिंता मिटते आणि डोळे मोकळे राहतात. ते मोकळे हवेतच, कारण इथला प्रत्येक बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटचा बडा शत्रू, रूप बदलतो. पहिले चार टप्पे हव्या त्या क्रमाने खेळता येतात. हा मात्र दोघांनी मिळून खेळायचा गेम आहे, एकट्याने निम्माच कळतो.

याच कोनामीचा कॉन्ट्रा: हार्ड कोअर (१९९४) उत्तम आहे, पण आवृत्ती बघून घ्या. जपानी आवृत्तीत एका जीवात तीन मार सोसता येतात, पाश्चात्त्य आवृत्तीत एकाच मारात जीव जातो. नवख्याने जपानीच घ्यावी, त्यात कमीपणा नाही. विमानांचा गेम हवा असेल तर थंडर फोर्स ४ (१९९२); वेग एक ते शंभर टक्के असा हवा तसा ठेवता येतो, तीस-चाळीसवर सुरू करा. मॉन्स्टर वर्ल्ड ४ (१९९४) बराच काळ जपानबाहेर आलाच नाही. अधिकृत इंग्रजी आवृत्ती निघायला २०१२ उजाडलं. हळुवार, रंगीत, फार कठीण नाही. हाणामारीनंतर विसाव्याला घ्यावा असा.

सेव्ह करण्याबद्दल

मिनी आणि एमुलेटरमध्ये कुठेही थांबून सेव्ह करता येतं, मागेही फिरवता येतं. माझा नियम असा: संध्याकाळ संपली म्हणून सेव्ह करा, हरू नये म्हणून नाही. बॉसच्या प्रत्येक वारानंतर सेव्ह केलंत तर बॉस मरतो, पण त्याची चाल तुम्हाला कळलेली नसते, आणि पुढचा बॉस तीच चाल कळली आहे असं धरून चाललेला असतो. टप्प्याच्या सुरुवातीला एक सेव्ह पुरे. जवळ वही ठेवा. 'तिसरा टप्पा, डावीकडची भिंत फुटते' इतकी एक ओळ लिहिली तरी दुसऱ्या दिवशी अर्धा तास वाचतो.

लांबलचक गेममध्ये मात्र सेव्ह हा खेळाचाच भाग आहे. शायनिंग फोर्स (१९९२) घ्या: पटावरची सैन्याची लढाई, आठ अध्याय, मैदानात एका वेळी बारा जण. नायक मॅक्स पडला की लढाई हरता आणि चर्चमध्ये परत येता, निम्मं सोनं जातं, पण लढाईत मिळवलेला अनुभव तसाच राहतो. म्हणून हरलात की चिडून रीसेट दाबू नका, त्याच लढाईत जरा बळकट होऊन पुन्हा उतरा. गावात प्रत्येकाशी बोला. मनरिना गावातला डोमिंगो हा साथीदार विचारपूस केल्याशिवाय हाती लागत नाही, आणि तो नसेल तर पुढच्या लढाया उगाच अंगावर येतात.

मूळ कार्ट्रिजवर हा गेम खेळत असाल तर आतल्या बॅटरीकडे लक्ष द्या. सेव्ह टिकतात ते एका नाण्याएवढ्या बॅटरीवर, आणि तिला आता तीस वर्षं झाली आहेत. पहिल्या लढाईनंतर सेव्ह करा, कन्सोल बंद करा, रात्रभर जाऊ द्या, सकाळी बघा. सेव्ह गेला असेल तर बॅटरी बदलावी लागेल: कार्ट्रिजच्या खास स्क्रूसाठी गेमबिट नावाचं स्क्रूड्रायव्हरचं टोक, पत्र्याचे पाय जोडून आलेली नवी बॅटरी आणि डाग द्यायला सोल्डरिंग. सोल्डरिंग कधी केलं नसेल तर जाणत्याकडून करून घ्या. सेव्ह शाबूत असेल, तर घाई नाही. जुनी बॅटरी काढताक्षणी आतलं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी मॅक्सची मोहीम आठव्या अध्यायापर्यंत न्या, शेवटची लढाई जिंका, आणि मग कार्ट्रिज उघडा.